क्लच न दाबणारा डावा हात

दादा, मी तुझ्यावर चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे गोड बोलले तर तू त्याचा फायदा घेणार नाहीस. तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, वहिनीच्या माहेरची माणसंही गेली. बैठकीत तुझा हार घातलेला फोटो आहे आणि त्यात तू हसतोयस. मला तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवावासा वाटतो.

येणारा प्रत्येक माणूस तीच एक गोष्ट सांगत होता. डॉक्टर क्लच न दाबता गाडी चालवायचे. चहाचा कप हातात घेऊन, मान हलवून, डोळे पुसून. काय हात होता, काय कला होती. मी आतल्या खोलीत दात आवळून ऐकत होते. तू काही डॉक्टर नव्हतास, पशुधन पर्यवेक्षक होतास. पण बडनेऱ्याच्या पुढे अकोला रस्त्यावरच्या गावांमधली सगळी गुरं तुझ्या अंगावर होती, आणि गुरांना सुई टोचणाऱ्या माणसाला आपल्याकडे डॉक्टरच म्हणतात. मी त्याच रस्त्यावरच्या शाळेत मास्तरीण. अमरावतीहून सकाळी फटफटीवर तुझ्या मागे बसायचं, मांडीवर वीर्याच्या कांड्या गार ठेवायचा तुझा नायट्रोजनचा छोटा डबा धरायचा, शाळेपाशी उतरताना तो तुझ्या हवाली करायचा, संध्याकाळी तसंच परत. एवढी वर्षं तुझी पाठ पाहिली, तेवढं नवऱ्याचं तोंड पाहिलं नसेल.

तेव्हा ती कला मला कोणी शिकवू नये. मला ती पाठ आहे. गाडी चालती असताना अ‍ॅक्सिलेटर पळभर सोडायचा. इंजिनाचा जोर ढिला पडतो त्या पळात पंजा दाबायचा, की वरचा गिअर पडतो. खालचा घेताना उलट करायचं, थोडी रेस द्यायची आणि टाच दाबायची. वेळ चुकली तर गिअर करकरतो, गाडी हिसका देते आणि मागे बसलेल्या माणसाचं नाक पुढच्याच्या पाठीवर आपटतं. तुझी वेळ चुकत नसे. डावा हात नुसता मुठीवर ठेवलेला असायचा, देवळातल्या पायरीवर चप्पल ठेवावी तसा.

आपलं भांडण रोजचं होतं. मांडीवर डबा, वर पदर उडतोय आणि मी तुझ्या कानात ओरडतेय.

"दादा, क्लच दाब नं."

"कायले?"

"गिअरबॉक्स खराब होईन."

"गिअरबॉक्स तुहा हाये का माहा?"

"मंग कंपनीनं तो लिव्हर काय शोभेसाठी लावला?"

"नवशिक्याईसाठी लावला."

आणि वर हसायचास. तुला वाटायचं जिंकलास. मला वाटायचं, या माणसाला मिरवायची हौस आहे, मिरवू द्या. पानटपरीवर पोरं तुला थांबवून विचारायची, डॉक्टरसाहेब, दाखवा ना एकदा, आणि तू दाखवायचास. रस्त्यावर एक फेरी मारून यायचास. मी टपरीपाशी डबा घेऊन उभी.

तुला जाऊन चारपाच दिवस झाले असतील, वहिनी तुझे कपडे आवरत होती. मी घड्या घालत होते. तुझ्या पायजम्यांना नाडी नव्हती. एकालाही नव्हती. सगळ्यांना इलास्टिक. सदऱ्यांना गुंड्यांच्या जागी टिचबटणं. माझ्या भावाला नाडीच्या पायजम्याशिवाय झोप येत नसे, त्यावरून आईनं त्याची किती थट्टा केली होती. मी वहिनीकडे पाहिलं.

"त्याईले नाडी बांधता येत नव्हती वं," वहिनी म्हणाली. "डावा हात मिटतच नव्हता त्याईचा."

"केव्हापासून?"

"ते सरकारी गाय बसली नं, तवापासून."

मी हातातला पायजमा खाली ठेवला. पहिल्यांदा रडू आलं नाही, दादा. पहिल्यांदा राग आला, तो अजून गेलेला नाही.

मला तो दिवस आठवतो, कारण त्या दिवशी तू पहिल्यांदा ती गंमत दाखवलीस. ती वर्षं तशीच होती. कापसाला भाव नाही, आज या गावाहून वाईट बातमी, उद्या त्या गावाहून. माझ्या वर्गातली पोरं अचानक मामाच्या गावाला निघून जायची आणि परत यायची नाहीत. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की या लोकांना गाई द्या. बाहेरून मोठ्या, गोऱ्या-काळ्या गाई आल्या. ज्या गावात बैलाला कडबा पुरत नव्हता, तिथं बादलीभर दूध देणारी गाय बांधली. चारा कोण देणार ते कोणी विचारलं नाही. आणि त्या सगळ्या गाईंना भरवायचं, म्हणजे नळीनं गाभण करायचं, काम तुझं. शेजारच्या केंद्रातली जागा रिकामी, म्हणून तिथल्या गाईही तुझ्याच.

लोकांना वाटतं सुई टोचली की काम झालं. मी पाहिलंय. गाईच्या शेणवाटेनं डावा हात कोपराच्या वर घालायचा, आतून गर्भाशयाचं तोंड चाचपून धरायचं, मग उजव्या हातानं ती बारीक नळी सरकवायची. गाय आतून हात आवळते. एक गाय झाली की दुसरी. संध्याकाळपर्यंत हाताला मुंग्या. तुम्ही लोक त्याला "गाईचा हात" म्हणता. तुझ्या खात्यातला कोणीही खांदा चोळत बसला असला आणि विचारलं, काय झालं, तर सांगतो, काही नाही, गाईचा हात आहे. जणू ते दुखणं नसून हुद्दा आहे.

त्या दिवशी एक सरकारी गाय, उपाशी आणि उन्हानं हैराण झालेली, तुझा हात आत असतानाच मटकन खाली बसली. तूही तिच्याबरोबर खाली. खांदा पिरगळला, मनगट गेलं. हे सगळं मला वहिनीनं आता सांगितलं. मला तेव्हा काय दिसलं? संध्याकाळी तू शाळेपाशी आलास, उतारावर गाडी लावलीस, सदऱ्याला माती होती, आणि म्हणालास, "नंदे, बस. आज तुले एक गंमत दाखवतो."

गंमत. हा शब्द तुला सुचला तरी कसा? हात खांद्यापासून सुजत चालला होता, आणि तू बहिणीला गंमत दाखवत घरी घेऊन आलास. रस्ताभर गिअर करकरत होते त्या दिवशी. मी तुझ्या पाठीवर नाक आपटून आपटून हसत होते. तूही हसत होतास. माझ्यापुढे फक्त तुझी पाठ होती, तोंड नव्हतं.

आता एकेक गोष्ट उलगडते आणि एकेकीबरोबर माझं डोकं फिरतं. निघताना तू गाडीला नमस्कार करायचास. इंजिन चालू करून, वाकून, उजवा हात पलीकडे डाव्या मुठीपर्यंत न्यायचास, क्षणभर तिथं ठेवायचास, मग तोच हात कपाळाला लावून परत अ‍ॅक्सिलेटरवर. शाळेतल्या बाया म्हणायच्या, तुमचा भाऊ किती श्रद्धाळू. कसली श्रद्धा! उजव्या हातानं क्लच दाबत होतास. पहिला गिअर टाकून गाडी हळूच रांगती झाली की तो हात कपाळाला लावायचास. आपल्याकडे गाडी काढताना सगळेच हात जोडतात, त्यात तुझी चोरी खपून गेली. देवाला मध्ये घेतलंस. तुझा देवावर कवडीचा विश्वास नव्हता, आणि मी खूश होते की वय झालं तसा दादा वळणावर आला.

तुला अमरावतीतून गाडी घालायची नसायची. राजापेठेतून गेलो तर मी वेळेत पोचते, पण तू बाहेरच्या रस्त्यानं वळसा घालणार. मी हजेरीला उशिरा पोचून मुख्याध्यापकांची बोलणी खायची आणि तुझ्यावर जाळ काढायचा. तू म्हणायचास, गावात धूर लय असते. रेल्वे फाटक पडताना दिसलं की तू लांब निंबाखाली थांबायचास. लोक पुढे घुसायचे, फाटकाला नाक लावून उभे राहायचे. मी म्हणायचे, आपणच कावून मागं? तू म्हणायचास, सावली हाये ना इथं. गर्दीत थांब, चाल, थांब, चाल करायला डावा हात लागतो, दादा. मला आता कळलं. निंबाची सावली मी खरी मानली.

आणि अकोला. अकोल्याला विद्यापीठात प्रशिक्षण असतं म्हणून तू मधूनमधून रेल्वेनं जायचास. येताना माझ्यासाठी चिवडा आणायचास. मी शाळेत वाटायचे, आमच्या दादाचं पुन्हा प्रशिक्षण आहे, खात्यात त्याला मान आहे म्हणून. तू तिथं हाताच्या डॉक्टरकडे जात होतास. त्यानं तुला स्पष्ट सांगितलं होतं, मनगट कायमचं गेलंय, खांद्याची शीर दबलीय, हे काम बंद करा. आणि तू मला चिवडा आणून दिलास. तो चिवडा मी चवीनं खाल्ला.

मी वहिनीला विचारलं, तू तरी का नाही बोललीस. ती म्हणाली, शपथ घातली होती. म्हणे तू म्हणालास, "हाताचं सांगतलं तर हापिसात टेबलावर बसवतीन. मंग ह्या गावाईले कोन हाये?" वा. ह्या गावांना कोण आहे! आता कोण आहे, सांग. तुझ्या दवाखान्याला कुलूप आहे. परवा एक बाई गाय घेऊन दारात उभी होती, तिला तू गेल्याचं माहीतही नव्हतं. टेबलावर बसला असतास तर निदान फोनवर ओरडायला तरी जिवंत असतास. तुला गावांची काळजी होती, हे मी मानते. पण गावांपेक्षा जास्त काळजी तुला या गोष्टीची होती की कोणी म्हणेल, डॉक्टरचा हात गेला. ते तुला सहन होणार नव्हतं. तुझ्यासारखा अहंकारी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हा अहंकार तू साधेपणाच्या सदऱ्यात लपवलास.

मी रफिकभाईंकडेही भांडायला गेले. तुझी गाडी पहिल्यापासून तेच बघतात. बडनेरा रोडवरच्या त्यांच्या गॅरेजात मी तरातरा गेले तेव्हा ते नमाजाहून येऊन टोपी काढत होते. मला पाहून त्यांनी स्टूल पुसलं. मी बसले नाही.

"तुमाले मालूम होतं," मी म्हटलं.

"हाव ताई. मालूम होतं."

"मंग कावून नाई सांगतलं?"

"डॉक्टरसाबनं कसम देली होती." ते खाली बघत होते. "म्या म्हटलं, क्लचचा लिव्हर नरम करून देतो. एका बोटानं दबन असा. तर म्हने, नको. नरम केला का नंदा विचारन, कावून केला."

म्हणजे लिव्हर कडक राहिला तो माझ्यामुळे. माझ्यापासून लपवायचं म्हणून. रफिकभाईंवर ओरडायला गेले होते, तिथं उभी राहून तुझ्यावर ओरडले. भर बाजारात. ते बिचारे पाण्याचा ग्लास धरून उभे. मग जाता जाता मी विचारलं, गिअरबॉक्सचं काय झालं एवढ्या वर्षांत? ते म्हणाले, मागच्या खेपेला इंजिन खोललं तेव्हा पाहिलं, बाकी सगळं चांगलं आहे, फक्त तिसऱ्या गिअरचे दात थोडे घासलेत. ऐकतोयस ना? तिसऱ्या गिअरचे दात घासलेत. म्हणजे मी थोडी तरी बरोबर होते. हे तुला तोंडावर सांगायला मिळालं असतं तर मी अख्ख्या शाळेला पेढे वाटले असते.

मला गाडी तू शिकवलीस. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला फटकवायचं, माझं अजून ठरलेलं नाही. एका हिवाळ्यात तूच मागे लागलास, बाईनं गाडी शिकली पाहिजे, कोणावर अवलंबून राहू नये. मला किती कौतुक वाटलं तुझं. शाळेमागच्या पडीत वावरात तू मागे बसून शिकवायचास, उजवा हात माझ्या खांद्यावर. आणि क्लचच्या बाबतीत काय तुझा कडकपणा! "पुरा दाब. अर्धा नाई. चारी बोटं लाव. पुरा." मी म्हणायचे, लिव्हर किती कडक आहे रे, आणि तू कावून नाई दाबत? "मी डॉक्टर हावो," म्हणायचास.

गाव हसलं, मास्तरीणबाई फटफटी चालवतात म्हणून. तू त्यांच्यावर डाफरलास. पुढे कधीकधी संध्याकाळी तू म्हणायचास, आज तू घे गाडी, मला झोप येऊन राहिली. आणि खरोखरच माझ्या पाठीवर डोकं टेकवून बसायचास. मी गाडी सावकाश घ्यायचे, खड्डे चुकवत. तेव्हा जी माया वाटायची ती मी कोणाला सांगितली नाही. आता कळतं की त्या संध्याकाळी तुझा हात मुठीवर ठेवण्याइतकाही उचलत नसे. माया खोटी होत नाही त्यानं. पण मला माहीत असतं तर मी रोज चालवली असती ना, रे गाढवा. रोज.

आता लोक मला विचारतात, ताई, तुम्ही रोज मागे बसायच्या, तुमच्या ध्यानात कसं आलं नाही? हा प्रश्न मी कोणाकडून ऐकून घेणार नाही. मी शोधायला बसले नव्हते, मी शाळेला चालले होते. सख्ख्या भावाच्या नमस्कारावर कोण संशय घेतं? लपवणारा तू होतास. दोष तुझा आहे आणि तो मी तुझ्याच पदरात ठेवते.

शेवटच्या दिवसाचं बोलायला हवं. एका गावात म्हैस अडली होती, म्हणून पलीकडच्या केंद्रातले इंगळेभाऊ तुझ्या मदतीला आले होते. म्हैस सुटली, रेडकू जगलं. तू हापशावर हात धुतलेस आणि म्हणालास, हात भरून आला. घाम फुटला होता तुला. इंगळे म्हणाले, बसा थोडं, दवाखान्यात जाऊ. तू काय म्हणालास?

"गाईचा हात हाये. बसन."

कोणत्याही दुसऱ्या माणसाचा डावा हात असा भरून आला असता, घाम आला असता, तर घरच्यांनी त्याला उचलून मोठ्या दवाखान्यात नेलं असतं. शाळेतल्या शिपायालाही कळतं, डावा हात दुखला की काळीज बघायचं. तुला नाही कळलं, कारण तुझा डावा हात रोजच दुखायचा. इतकी वर्षं तू त्या दुखण्याला गप्प बसवलंस की खरं सांगायला आलं तेव्हाही तू त्याला गप्पच बसवलंस. बडनेऱ्याचा दवाखाना एका दिशेला होता. तू गाडीला तो खोटा नमस्कार केलास आणि दुसऱ्या दिशेला, माझ्या शाळेकडे आलास. कशाला? मला न्यायला. मी एसटीनं आले असते, दादा. चालत आले असते.

मी वर्गात पाढे म्हणून घेत होते. तुझी गाडी लांबून ऐकू आली. चौथा, तिसरा, दुसरा. एकदाही करकर नाही, हिसका नाही. शाळा सुटायला अजून वेळ होता, मला वाटलं आज लवकर आला, बसेल शाळेपुढच्या निंबाखाली. तू बसलास. गाडी स्टँडवर लावून, खोडाला टेकून. आम्ही पाढे पुरे केले. मी बाहेर आले तेव्हा तू तसाच टेकलेला होतास आणि डावा हात उजव्या हातानं धरलेला होतास. मरतानाही इतका नीटनेटका होतास. एक गिअर तरी चुकायचा होता. करकर ऐकली असती तर मी खडू टाकून धावत आले असते.

काल तुझ्या दवाखान्याच्या आवारात शोकसभा होती. मी तुझी गाडी काढली आणि वहिनीला मागे बसवलं. फाट्याच्या पुढे ती माझ्या कानाशी आली.

"नंदाताई, हाताचं काई बोलू नका तिथं."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"लोक म्हनतीन, डॉक्टरच्या हातात जोर नव्हता म्हून आमच्या गाई उलटल्या. गेलेल्या मानसाचं नाव खराब होईन. तेवढंच राह्यलं हाये आता आपल्याजवळ."

तिचं खोटं नव्हतं. गाय गाभण राहिली नाही की लोक म्हणतात उलटली, आणि एका गाईच्या उलटण्यात घराचं वर्ष उलटतं. तुझं नाव होतं ते एवढ्याच गोष्टीचं, की डॉक्टरनं भरवलेली गाय सहसा उलटत नाही. ते नाव मी काढून घेतलं तर वहिनी कुठल्या तोंडानं या गावांत येईल? मी खरंच ठरवलं होतं, दोन शब्द बोलायचे, हात जोडायचे, खाली बसायचं.

आवार भरलं होतं. तुझ्या खात्यातली माणसं आली होती, पार अकोल्याकडची. पुढच्या रांगेत इंगळे, मान खाली घालून. एकेक जण बोलून गेला. मग एक जण उठला, चांगला माणूस आहे, तूच त्याच्या बैलाचा खूर बरा केला होतास, आणि म्हणाला, "डॉक्टर क्लच न दाबता अकोल्यापर्यंत गाडी न्यायचे. अशी कला पुन्हा पाहायला भेटणार नाही." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. टाळ्या.

मी उठले. वहिनीनं माझा पदर धरला, तो मी सोडवून घेतला.

"ती कला नव्हती," मी म्हटलं. "त्याच्या डाव्या हातात क्लच दाबायचा जोर नव्हता. सरकारी गाय त्याच्या हातावर बसली त्या दिवसापासून नव्हता. त्यानं ते तुमच्यापासून लपवलं, माझ्यापासूनही लपवलं."

मागून एक म्हातारा उठला. जे वहिनीला नको होतं तेच त्यानं विचारलं. "मंग बाई, आमच्या गाई?"

"तुमच्या गाई त्यानं उजव्या हातानं भरवल्या. म्हातारपणी पाटी गिरवावी तसं दुसऱ्या हातानं काम शिकला. तुमची गाय उलटली का?"

म्हातारा विचार करून म्हणाला, "नाई. दोन वेत झाले तिचे." आणि खाली बसला.

तिथं मी थांबायला हवं होतं. पण इंगळेंच्या रांगेकडे माझं लक्ष गेलं. बसलेत सगळे हात मांडीवर ठेवून, ओळीनं, माझ्या वर्गातल्या पोरांसारखे. मग माझ्या तोंडून वर्गातलाच आवाज निघाला. "जे हे काम करतात त्यांनी डावा हात वर करा. सरळ. कानाला लागला पाहिजे."

मास्तरणीनं सांगितलं की मोठी माणसंही ऐकतात, दादा. हात वर गेले. दोघा-तिघा नव्या माणसांचे सरळ गेले, कानाला लागले. बाकीचे खांद्यापर्यंत येऊन थांबले. एकाचा छातीपर्यंत आला आणि थरथरत राहिला. इंगळेंनी डाव्या कोपराखाली उजवा हात लावला आणि डावा हात उचलून धरला. वर बघत नव्हते ते. त्यांच्या बायका मागे बायांमध्ये बसल्या होत्या, त्यांनी ते पाहिलं. मला वाटतं काहींनी पहिल्यांदाच पाहिलं.

"हात खाली करा," मी म्हटलं. "आणि हा हात भरून आला तर गाईचा हात म्हणून घरी बसू नका. दवाखान्यात जा. घरी सांगा." इंगळे ढसढसा रडायला लागले. त्यांची बायको उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि सगळ्यांसमोर त्यांचा तो खांदा धरून राहिली.

तू चिडला असशील. चीड. तुझी कला मी मोडली, भर सभेत मोडली. आपलं भांडण बरोबरीत सुटलं असं समज.

परत येताना वहिनी मागे बसली, पण बोलेना. मला वाटलं, ही आयुष्यभर बोलणार नाही आता. मी वळसा घेतला नाही. फाटक पडत होतं, मी निंबाखाली थांबले नाही, सरळ पुढे गर्दीत घुसले. ट्रक, ऑटो, सायकली. फाटक उघडलं की थोडं पुढे, पुन्हा थांब, पुन्हा पुढे. दर खेपेला तो लिव्हर चारी बोटांनी पुरा दाबायचा. तू नरम करू दिला नाहीस तो लिव्हर. रूळ ओलांडेपर्यंत माझी बोटं लाल झाली, मनगटापासून कळ निघाली. मी हात झटकला.

मागून वहिनीचा आवाज आला. सभेनंतरचा पहिला.

"दुखते का हात?"

माझ्या तोंडात काय आलं होतं माहीत आहे? "नाई." अगदी ओठावर. आपल्या घराण्याचं तोंडच तसलं. मी गाडी बाजूला घेतली, उभी केली.

"दुखते," मी म्हटलं. मोठ्यानं, सगळ्या फाटकाला ऐकू जाईल असं. "लय दुखते, वहिनी."

तिनं मागून हात पुढे आणला, माझी बोटं आपल्या हातात घेतली आणि चोळत बसली. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. एवढंच करायचं होतं, दादा.